वॉटरप्रूफ कॅमेरा आणि हाउसिंगमधला कॅमेरा

तारकर्लीला पहिली बुडी मारून आलेला माणूस पाण्यातून बाहेर येतो तोच कॅमेऱ्याचं विचारायला लागतो. "पुढच्या वेळी स्वतःचा घेऊन येणार. वॉटरप्रूफ घेतला की झालं ना?" गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की एकदा नीट लिहूनच काढतो. कारण चुकीचा कॅमेरा घेऊन बुडवलेले लोक मी पाहिलेत, आणि त्यांत एकदा मीही होतो.

वॉटरप्रूफ कॅमेऱ्याच्या अंगाला थेट पाणी लागतं. त्याचं बॅटरीचं झाकण आणि चार्जिंगचं झाकण आतून बारीक रबरानं बंद होतात, तेवढंच त्याचं संरक्षण. हाउसिंगमधल्या कॅमेऱ्याला पाणी लागतच नाही. तो पॉलिकार्बोनेटच्या किंवा अॅल्युमिनियमच्या डब्यात कोरडा बसलेला असतो, आणि डब्यावरची बटणं दाबली की आतल्या दांड्या कॅमेऱ्याची बटणं दाबतात. त्यामुळे एक उलटीच गोष्ट होते. ओएम सिस्टिमचा टीजी-७ वॉटरप्रूफ आहे, पण १५ मीटरपर्यंतच. सोनीच्या आरएक्स१००ला पावसाचे चार थेंबसुद्धा चालत नाहीत, पण सोनीच्याच हाउसिंगमध्ये घातला की तो ४० मीटरपर्यंत जातो.

१५ मीटर ऐकायला भरपूर वाटतात. पण स्कूबाचं पहिलं, म्हणजे ओपन वॉटरचं सर्टिफिकेट मिळालं की आपण १८ मीटरपर्यंत जातो, त्यापुढचं अॅडव्हान्स्ड झालं की ३०. म्हणजे कॅमेरा आपल्या आधी थांबतो. दर १० मीटरला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब वाढतो. बॅटरीचं झाकण ३ बाय ४ सेंटिमीटरचं धरलं, तर १५ मीटरवर त्यावर १८ किलोचा भार येतो आणि ३० मीटरवर ३६ किलोचा. मर्यादा ओलांडली की पाण्याच्या दाबानं बटणं आपोआप दाबली जातात, मेन्यू वेडेवाकडे उघडतात. तिथेच वर यायचं, पुढचं बघायला थांबायचं नाही.

तरीही माझा कॅमेरा बुडाला तो खोल पाण्यात नाही, जेमतेम तीन मीटरवर. होडीत बसून, ओल्या हातानं, मी हाउसिंग उघडून बॅटरी बदलली होती. पाण्यात गेल्यावर काचेच्या खालच्या कोपऱ्यात पाण्याची एक बारीक रेघ दिसली. वर येईपर्यंत स्क्रीन काळी पडली होती. घरी भिंगाखाली पाहिलं तर ओ-रिंगवर, म्हणजे हाउसिंगचं झाकण बंद ठेवणाऱ्या रबराच्या कडीवर, एक केस आडवा पडलेला. ओ-रिंग खोल पाण्यात उलट जास्त घट्ट बसते, कारण दाबच तिला खोबणीत रेटतो. म्हणून गळती बहुतेक वेळा पहिल्या काही मीटरमध्येच होते. आता मी हाउसिंग घेऊन होडीतून उडी मारत नाही. आधी पाण्यात उतरतो, मग वरच्या माणसाकडून ते मागून घेतो, हातभर खोलीवर मिनिटभर धरतो आणि बुडबुडे येतात का बघतो.

ओ-रिंगचं काम आदल्या रात्री खोलीत करावं. पंखा बंद, हात कोरडे. रिंग काढायला टोकदार काही वापरू नका, दोन बोटांनी चिमटीत दाबली की ती वर उचलली जाते. मग बोटांच्या टोकांमधून सावकाश फिरवायची. वाळूचा कण डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं पुरे. ग्रीस पाणी अडवत नाही, ते फक्त रबर मऊ आणि निसरडं ठेवतं. जास्त फासलं तर त्यालाच वाळू चिकटते. आणि हाउसिंगसोबत आलेलंच वापरा, कारण चुकीच्या ग्रीसनं काही रिंगा फुगतात. झाकण एसी लावलेल्या कोरड्या खोलीत लावायचं आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवायची. कोकणातली दमट हवा आत अडकली, तर थंड पाण्यात काचेवर आतून वाफ धरते आणि अख्खी बुडी धुरकट येते.

ही सगळी उठाठेव नुसत्या वॉटरप्रूफ कॅमेऱ्याला लागत नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. झाकणाच्या कडा पुसल्या, नीट बंद केल्या, की चला. परत आल्यावर दोघांनाही गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवायचं. हाउसिंगची बटणं त्या पाण्यातच दाबून घ्यायची, म्हणजे आत मीठ साचत नाही.

हाउसिंग खरं कामाला येतं ते प्रकाशासाठी. पाच मीटरच्या आसपासच लाल रंग मरायला लागतो, पाठोपाठ नारिंगी. ते परत आणायला फ्लॅश लागतो. मालवणच्या पाण्यात वर गाळाचे कण तरंगत असतात. कॅमेऱ्याचा फ्लॅश लेन्सला चिकटून असल्यामुळे तो समोरचा प्रत्येक कण उजळवतो आणि फोटोभर पांढरे ठिपके उठतात. हाउसिंगला ट्रे, त्यावर वळणारा दांडा, त्यावर स्ट्रोब म्हणजे पाण्यातला वेगळा फ्लॅश लावता येतो. ऑप्टिकल केबलनं तो कॅमेऱ्याच्या फ्लॅशबरोबर पेटतो, आणि प्रकाश बाजूनं आला की ठिपके जातात. पुढच्या काचेवर वाइड किंवा मॅक्रो (अगदी जवळच्या बारीक गोष्टींची) लेन्स पाण्यातच चढवता-उतरवता येते. नुसत्या वॉटरप्रूफला तिपाईच्या स्क्रूवर ट्रे आणि लाइट बसतो, त्यापुढे फारसं काही नाही.

व्हिडिओला स्ट्रोबचा उपयोग शून्य, तिथे सतत पेटणारा लाइट लागतो. लाइट नसेल तर खोली बदलली की तळाच्या वाळूवर कॅमेरा धरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कुठला हे कॅमेऱ्याला सांगणारी सेटिंग, पुन्हा घ्या. बहुतेक लोक एवढंही करत नाहीत आणि मग सगळं निळं आलं म्हणून कॅमेऱ्याला दोष देतात.

माझं मत सांगतो. स्नॉर्केलिंग करायचंय, किंवा मालवणला प्रशिक्षकाचा हात धरून एखादी बुडी मारायची आहे, तर हाउसिंगवर पैसे घालू नका, वॉटरप्रूफ भरपूर झाला. सर्टिफिकेट घेतलंत आणि कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला, अंदमानला जायचंय, तर टीजी-७ आणि त्यावर ४५ मीटरचं हाउसिंग. ते टीजी-६लाही बसतं, त्यामुळे जुना कॅमेरा असलेल्यांनाही चालतं. हाउसिंग उथळ पाण्यात गळलं तरी आतला कॅमेरा स्वतः वॉटरप्रूफ असल्यानं वाचतो, आणि तो अगदी एक सेंटिमीटरवरून फोटो घेत असल्यानं नखाएवढी समुद्री गोगलगायही फ्रेमभर येते. आरएक्स१००चा सेन्सर मोठा, अंधाऱ्या पाण्यात चित्र निश्चित चांगलं येतं, पण तिथे पाणी आत गेलं की कॅमेरा गेला.

कुठलाही घ्या, पण आधी हाउसिंग शोधा आणि मग कॅमेरा. प्रत्येक हाउसिंग ठरावीक मॉडेलच्या बटणांप्रमाणे घडवलेलं असतं. आवडीचा कॅमेरा घरी आणल्यावर त्याला डबाच मिळत नाही, असं होतं. आणि नवं हाउसिंग आलं की पहिल्या बुडीला ते रिकामंच न्या. आत एक कोरडा टिश्यू पेपर घडी करून ठेवा, तरंगू नये म्हणून शिशाचं एखादं वजन ठेवा, आणि जायचं तेवढ्या खोलीपर्यंत नेऊन आणा. वर आल्यावर बाहेरून पूर्ण पुसून मगच उघडा. टिश्यू कोरडा निघाला, तर दुसऱ्या बुडीला कॅमेरा आत.