बुङा की बुंगा? इंडोनेशियन उच्चार शिकवताना यंत्र कुठे फसतं

इंडोनेशियन भाषेत फुलाला 'बुङा' म्हणतात. रोमन स्पेलिंग वाचून मराठी माणूस 'बुंगा' म्हणतो. मग फोनवर तोच शब्द बोलून टाइप करून बघतो. स्पेलिंग अचूक उमटतं आणि तो खूश होतो. पण फोन उच्चार तपासतच नसतो, तुम्हाला कोणता शब्द म्हणायचा असावा एवढंच तो ओळखतो. 'व्हिस्पर'सारखी, बोललेलं लिहून देणारी प्रणाली आवाजाबरोबर आजूबाजूच्या शब्दांवरूनही अंदाज बांधते, त्यामुळे वाक्य जितकं लांब तितक्या जास्त चुका ती पोटात घालते. हिशेब लिहून घ्यायला हा गुण उत्तम. शिकणाऱ्याला मात्र तो घातक.

म्हणून सरावाला वाक्यं नकोत, सुटे शब्द हवेत, आणि तेही चूक झाली तर दुसराच शब्द तयार होईल असे. 'सिङा' म्हणजे सिंह (शब्द आपल्याच ओळखीचा), 'सिङ्गाह' म्हणजे वाटेत थोडं थांबणं. दोन्ही शब्द दहा-दहा चिठ्ठ्यांवर लिहून पिसावेत. कीबोर्डची भाषा इंडोनेशियन ठेवून, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरून एकेक शब्द म्हणावा. 'सिङा'च्या जागी वारंवार 'सिङ्गाह' उमटलं, तर 'ङ'च्या मागे 'ग' चिकटतोय. 'वाङ्मय' शब्दातल्या 'ङ'वर जीभ थांबवून थेट 'आ'कडे जायचं, की तो सुटतो.

रोमन 'ई' (e) या अक्षराच्या बाबतीत ही युक्तीही चालत नाही. या एकाच अक्षराला 'अ' आणि 'ए' असे दोन वेगळे उच्चार आहेत. 'तरास' म्हणजे लाकडाचा गाभा, 'तेरास' म्हणजे घराचा व्हरांडा, स्पेलिंग तेच. यंत्र बरोबर-चूक दोन्हींना एकच उत्तर देणार. मजकूर वाचून दाखवणारे संगणकी आवाजही इथेच अडखळतात. 'ममराह' म्हणजे दूध काढणं, 'ममेराह' म्हणजे लाल होणं, आणि लिहिताना दोन्ही अगदी सारखे. नवा आवाज वर्गात वापरण्याआधी 'आई दूध काढते' आणि 'तिचा चेहरा लाल होतो' ही दोन वाक्यं इंडोनेशियनमध्ये त्याच्याकडून वाचून घ्यावीत. दोन्हीकडे एकच स्वर ऐकू आला, तर नवे शब्द शिकवायला तो आवाज घेऊ नये. शंका आली की 'कामुस बसार' हा अधिकृत शब्दकोश पाहावा. त्यात 'ए'वर तिरकी रेघ असते, 'अ'वर नसते. वहीत मात्र शब्द सरळ देवनागरीत लिहावेत. रोमन लिपी जो फरक झाकते, तो आपली लिपी फुकटात दाखवते.

स्वर डोळ्यांनी पाहायचा असेल तर 'प्रात' हे ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या बूर्स्मा आणि वेनिंक यांचं, आवाजाचं चित्र काढून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. मोनो रेकॉर्डिंग करावं, फॉर्मंट (स्वर तोंडात ज्या कंपनसंख्यांना जास्त घुमतो त्या) दाखवायला सांगावं, कमाल मर्यादा पुरुषाच्या आवाजाला 5000 आणि स्त्रीच्या आवाजाला 5500 हर्ट्झ ठेवावी. ही मर्यादा चुकली की आकडे भलतेच येतात. स्वराच्या मधोमध क्लिक करून दुसरा फॉर्मंट वाचावा: 'अ'ला तो साधारण 1500च्या आसपास, 'ए'ला बराच वर, 2000च्या घरात. शिक्षकाच्या आकड्याशी आपला आकडा जुळवत बसू नये, प्रत्येकाच्या घशाची आणि तोंडाची लांबी वेगळी असते. आपल्याच 'अ' आणि 'ए'मध्ये अंतर पडतंय का, एवढंच पाहावं.

'बापाक', 'तिदाक' यांच्या शेवटचा 'क' तर यंत्राच्या खिजगणतीतही नसतो. तो खरं म्हणजे घशात श्वास अडवणं आहे. 1901च्या लेखनपद्धतीत काही शब्दांत त्याला वेगळी खूण होती. 1947च्या सुधारणेत तिच्या जागी 'क'चं अक्षर आलं, आणि परके लोक ते खणखणीत वाचतात. 'प्रात'च्या चित्रात हे लगेच कळतं: बरोबर उच्चारात स्वराचा पट्टा एकदम तुटतो आणि पुढे कोरी जागा असते. आपल्या मराठी 'क'नंतर मात्र त्या कोऱ्या जागेत एक बारीक उभी रेघ उमटते.