एसटी तासभर उशिरा सुटली की आलेख कुठे सरकतो?

मैदानावर फक्कीने लांब रेघ मारायची. पावलापावलावर उणे ३ ते ३ आकडे लिहायचे आणि प्रत्येक आकड्यावर एकेक मूल उभं करायचं. "आपापल्या आकड्याचा वर्ग करा आणि तेवढी पावलं पुढे चाला." शून्यावरची मुलगी जागची हलत नाही. १ आणि उणे १ वरची मुलं एक पाऊल टाकतात, २ वरची चार, ३ वरची नऊ. मग सगळ्यांच्या हाती चऱ्हाट द्यायचं. वाटीसारखा वक्र तयार होतो. हा क्ष² या फलाचा, म्हणजे आकडा घेऊन उत्तर देणाऱ्या नियमाचा आलेख; यालाच अन्वस्त म्हणतात.

आता दुसरा डाव: आधी ३ वजा करा, मग वर्ग, म्हणजे (क्ष − ३)². पण चालण्याआधी विचारायचं, वाटी कुठे जाईल? लातूरकडच्या आमच्या वर्गात बहुतेक हात डावीकडे जातात. वजा आहे ना! हा अंदाज वदवून घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण चुकलेला अंदाज मूल विसरत नाही. मग चालणं सुरू होतं. शून्यावरची मुलगी नऊ पावलं जाते. उणे ३ वाल्याला उणे ६ चा वर्ग करावा लागतो, म्हणजे ३६ पावलं. "सर, भिंत लागली की!" आणि ३ वरचा मुलगा मात्र जागेवरच. उजवीकडे ४, ५, ६ लिहून तिथे मुलं उभी केली की चऱ्हाटाचा तळ ३ वर आलेला दिसतो. वाटी उजवीकडे गेली.

का? इथे एसटी कामाला येते. लातूरहून नांदेडला जाणारी गाडी चाकूर, अहमदपूर, लोहा करत जाते. आज ती तासभर उशिरा सुटली, वेग मात्र नेहमीचाच. १० वाजता ती कुठे असेल? एरवी ९ वाजता जिथे असते तिथे. म्हणजे आजची जागा काढायला घड्याळातून १ वजा करून जुनं वेळापत्रक बघायचं. वजाबाकी घड्याळात झाली, आलेख उशिराकडे, म्हणजे उजवीकडे सरकला. कंसाबाहेर ३ मिळवले तर असा गोंधळ होत नाही. वर्ग झाल्यावर प्रत्येकाने तीन पावलं जादा चालायची, वाटी तशीच पुढे जाते. वर्ग करून आलेल्या उत्तराला उणे चिन्ह लावलं की सगळे उलटे चालतात आणि वाटी पालथी होते.

खरा चकवा (२क्ष − ६)² चा. मुलं ठामपणे सांगतात, तळ ६ वर. उभं राहून बघितलं की पुन्हा ३ वरचाच मुलगा थांबतो, कारण दुप्पट करून ६ वजा केल्यावर शून्य त्याचंच येतं. त्याच्या शेजारचे मात्र एकाऐवजी चार पावलं जातात, म्हणून वाटी अरुंद होते.

मोबाइलवरचं जिओजेब्रा हे आलेख काढणारं अ‍ॅप मोफत आहे, त्यातला स्लायडर सरकवला की हेच क्षणात दिसतं. मी ते शेवटी उघडतो. आधी दाखवलं तर मुलं नुसती बघतात, "असं का?" विचारत नाहीत. चऱ्हाट गुंडाळताना मात्र एकीने विचारलं, "सर, गाडी तासभर आधी सुटली तर?" उत्तर मी दिलं नाही. ती रेघेवर जाऊन उभी राहिली, स्वतःच्या आकड्यात १ मिळवला आणि डावीकडे बघू लागली.