समुद्रतळाच्या खोलीचे नकाशे आणि सागरी परिसंस्थांचा अभ्यास : पार्श्वभूमी

समुद्रतळाच्या खोलीचा नकाशा ही आज सागरी परिसंस्थांच्या अभ्यासाची पहिली गरज मानली जात असली, तरी असे नकाशे मुळात जीवशास्त्रज्ञांसाठी काढलेले नव्हते. जहाजे खडकांवर आदळू नयेत, समुद्राखालून तारायंत्राची केबल टाकता यावी, पाणबुड्यांना मार्ग सापडावा, ही त्यांची प्रयोजने होती. जीवशास्त्राच्या पदरी जे पडले ते बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या कामातून अनायासे पडले.

शिशाचा गोळा दोराला बांधून तळाला टेकेपर्यंत सोडायचा आणि किती वाव दोर गेला ते मोजायचे, ही पद्धत शतकानुशतके चालली. गोळ्याच्या बुडाला चरबी लावलेली असे आणि तिला चिकटून आलेली वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचे तुकडे पाहून खलाशी तळाचे स्वरूप ओळखत. तळ किती खोल आहे यासोबत तो कशाचा आहे हेही विचारणारी ही साधी युक्ती पुढे यंत्रांच्या काळात बराच काळ मागे पडली, हे नोंदवण्यासारखे आहे.

खोल समुद्रात जीव राहतात की नाही, हा वादही खोलीच्या मोजमापाशीच जोडलेला होता. 1841-42 मध्ये ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ एडवर्ड फोर्ब्स यांनी एजियन समुद्रात जाळी ओढून पाहिली. जसजसे खोल जावे तसतसे जीव विरळ होतात असे त्यांना आढळले आणि सुमारे 300 फॅदम, म्हणजे 550 मीटरखाली जीवसृष्टी नसावी, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. पूर्व भूमध्य सागराचे पाणी पोषकद्रव्यांच्या बाबतीत मुळातच गरीब आहे, त्यामुळे एका समुद्रावरून सर्व समुद्रांचा अंदाज बांधणे धोक्याचे होते. शिवाय ब्रिटिश नौदल अधिकारी जॉन रॉस यांच्या 1818 च्या बॅफिन उपसागरातील मोहिमेत मोजणीच्या दोराला गुंतून तारामीनाच्या कुळातील एक जीव वर आलेला होता. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1860 मध्ये सार्डिनिया आणि आफ्रिका यांच्यामधील नादुरुस्त केबल दोन हजार मीटरहून अधिक खोलीवरून वर काढली गेली, तेव्हा मात्र तिच्यावर प्रवाळ व इतर जीव वाढलेले दिसले. ते तिथेच वाढलेले असल्याने वाटेत जाळीत सापडले असावेत ही शंका उरली नाही.

या वादाचा निकाल लावण्याच्या हेतूने निघालेल्या मोहिमांपैकी ‘चॅलेंजर’ जहाजाची 1872 ते 1876 ची मोहीम सर्वांत मोठी. खोलीची मापने आणि तळावरील जीवांचे नमुने एकाच ठिकाणी, एकाच नोंदवहीत घेण्याची शिस्त तिने घालून दिली. 23 मार्च 1875 रोजी पश्चिम प्रशांत महासागरात या जहाजाच्या दोराने 4,475 फॅदम, म्हणजे सुमारे 8,180 मीटर खोली नोंदवली. तरीही संपूर्ण प्रवासात खोल समुद्राची मापने पाचशेच्या आसपासच झाली, कारण अशा एका मापनाला काही तास लागत.

विसाव्या शतकात दोराची जागा ध्वनीने घेतली. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1,500 मीटर वेगाने जातो. प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या वेळेवरून खोली काढता येते. जर्मनीच्या ‘मेटेओर’ जहाजाने 1925 ते 1927 या काळात दक्षिण अटलांटिकमध्ये या पद्धतीने 67,000 हून अधिक मापने घेतली. अमेरिकी भूवैज्ञानिक मेरी थार्प आणि ब्रूस हीझन यांनी 1957 मध्ये प्रसिद्ध केलेला उत्तर अटलांटिकचा नकाशा अशाच नोंदींवर उभा होता. अमेरिकी नौदलाने समखोली रेषांचे तपशीलवार नकाशे गोपनीय ठरवल्यामुळे या दोघांनी भूरूपांचे चित्र काढण्याचा मार्ग पत्करला. पुढे उपग्रहांनी वेगळी वाट दाखवली. सागरी पर्वताच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्याच्यावरील पाण्याचा पृष्ठभाग किंचित उंचावतो. दोन हजार मीटर उंचीच्या पर्वतावर ही उंची साधारण दोन मीटर भरते. त्यावरून जगभरातील तळाचा अंदाज बांधता आला, पण तो काही किलोमीटरच्या ढोबळ मापाचा.

परिसंस्थांच्या अभ्यासाला खरा उपयोग झाला तो 1970 च्या दशकात संशोधन जहाजांवर आलेल्या बहुकिरण सोनारचा, म्हणजे एकाच वेळी अनेक दिशांना ध्वनी सोडून खोली मोजणाऱ्या यंत्राचा. जहाजाखालच्या एका बिंदूऐवजी दोन्ही बाजूंचा रुंद पट्टा एका फेरीत मोजला जाऊ लागला आणि त्यातून उतार, कडे व खडबडीतपणा काढता येऊ लागला. उताराला धडकणारा प्रवाह अन्नकण वाहून आणतो, म्हणून अशा जागी प्रवाळ आणि स्पंज दाट आढळतात. परतलेल्या ध्वनीची तीव्रताही बोलकी असते. कठीण खडक जोरदार प्रतिध्वनी देतो, मऊ चिखल क्षीण. प्रवाळाला आधारासाठी कठीण तळ लागतो आणि बिळे करणाऱ्या कृमींना चिखल, त्यामुळे या तीव्रतेवरून कोणत्या जागी कोणते जीव असू शकतील याचे अनुमान करता येते. अर्थात ते अनुमानच. कॅमेरा किंवा तळाचा नमुना खाली उतरवून त्याची खातरजमा करावी लागते.

अनायासे मिळण्याची परंपरा याही काळात तुटली नाही. स्कॉटलंडच्या वायव्येस सुमारे 1,000 मीटर खोलीवर ‘डार्विन माउंड्स’ ही शीतजल प्रवाळांची टेकाडे 1998 मध्ये सापडली ती तेल उद्योगासाठी केलेल्या पाहणीत, आणि तळावरून ओढल्या जाणाऱ्या जाळ्यांच्या खुणाही तिथे दिसल्या. 2003 मध्ये अशा मासेमारीला तिथे तातडीने मनाई झाली. 2004 मध्ये ती कायम करण्यात आली.

जगाच्या संपूर्ण समुद्रतळाचा नकाशा 2030 पर्यंत पुरा करण्याच्या ‘सीबेड 2030’ प्रकल्पाने जून 2025 पर्यंत 27.3 टक्के तळ प्रत्यक्ष मोजला गेल्याचे जाहीर केले. 1,500 मीटरपर्यंतच्या पाण्यात या नकाशाची चौकट, म्हणजे खोलीचा एकच आकडा मिळणारा चौरस तुकडा, 100 मीटरची असेल, तर 3,000 ते 5,750 मीटर या पट्ट्यात ती 400 मीटरची ठरवली आहे. डार्विन माउंड्समधील टेकाडे जेमतेम पाच मीटर उंच आणि शंभरेक मीटर रुंद आहेत. तशीच टेकाडे त्या खोल पट्ट्यात कुठे असली, तर एकेका चौकटीत ती सपाट तळासारखीच उमटतील.