कंटेनर म्हणतो शून्य, पेटी म्हणते चार

नाशिकची द्राक्षं युरोपला जातात ती रीफर कंटेनरमधून, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरमधून. दिंडोरी-निफाडकडच्या पॅकहाऊसमध्ये माल प्रीकूल होतो, म्हणजे भरण्याआधीच थंड केला जातो, पेट्या पॅलेटवर चढतात, आणि न्हावाशेवाहून बोट सुटली की रॉटरडॅम येईपर्यंत साधारण तीन आठवडे आत काय चाललंय ते कोणी डोळ्यांनी बघत नाही. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून बऱ्याच बोटी केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागल्या आणि प्रवास आणखी दहा-पंधरा दिवसांनी लांबला. एवढा काळ मालाला शून्य अंशाच्या आसपासचं तापमान लागतं. वर चढलं की देठ तपकिरी पडतात, बोट्रायटिसची बुरशी धरते. उणे दोनच्या खाली गेलं तर घड गोठायची भीती.

आता हे तापमान मोजतं कोण? रीफरच्या एका टोकाला कूलिंग मशीन असतं. ते थंड हवा जमिनीवरच्या टी आकाराच्या पट्ट्यांमधून सोडतं, हवा पेट्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताजवळून परत मशीनकडे येते. मशीनचे सेन्सर या जाणाऱ्या आणि परतणाऱ्या हवेचं तापमान घेतात, फळाचं नाही. तोडलेलं द्राक्षही श्वसन करत असतं, त्यातून उष्णता निघते. पेटीत प्लॅस्टिकचा लायनर, घडांवर सल्फर डायऑक्साइड सोडणारं ग्रेप गार्ड, म्हणजे हवेला आणखी अडथळा. त्यामुळे मशीनवर शून्य दिसत असताना दाराकडच्या वरच्या थरातली पेटी चार अंशांवर असू शकते.

यावर जुना उपाय म्हणजे दाराजवळच्या पॅलेटमध्ये तापमान नोंदवत राहणारा एक डेटा लॉगर ठेवून देणं. चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण वीस पॅलेट, आणि त्या सगळ्यांच्या वतीने बोलणारा एकच साक्षीदार! माझ्या मते स्वस्त वायरलेस सेन्सरचा खरा फायदा इथे आहे. अर्ध्या अंशाने चुकणारे पंधरा सेन्सर हे अचूक पण एकट्या महागड्या उपकरणापेक्षा जास्त कामाचे, कारण कोपऱ्या-कोपऱ्यातला फरकच मुळी तीन-चार अंशांचा असतो. आणि तो अर्धा अंशही बराचसा काढून टाकता येतो. थर्मासमध्ये शुद्ध पाण्याच्या बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून सगळे सेन्सर नीट आवरण लावून त्यात बुडवायचे, वीसेक मिनिटं ढवळत राहायचं, आणि प्रत्येकाचा आकडा लिहून घ्यायचा. वितळत्या बर्फाचं तापमान शून्य असतं, त्यामुळे कोण किती चुकतो ते तिथेच कळतं. द्राक्षाला नेमकं शून्याजवळचंच मोजमाप हवं, म्हणून प्रयोगशाळेत न जाताही हे भागतं.

सेन्सरच्या आत फारसं काही नसतं. तापमानाप्रमाणे रोध बदलणारा थर्मिस्टर काही रुपयांत येतो. त्याच्या जोडीला रेडिओ असलेली एक छोटी चिप, आणि सीआर२०३२ हा घड्याळाच्या दुकानातही मिळणारा ३ व्होल्टचा बटणसेल. या सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. चिप झोपलेली असताना दोनेक मायक्रोअँपिअर खाते. दर दहा मिनिटांनी उठून तापमान घेतलं आणि पाच मिलिसेकंद, दहा मिलिअँपिअर खर्चून ते पाठवलं, तर सरासरीत त्याची भर एक दशांश मायक्रोअँपिअरसुद्धा पडत नाही. कागदावर हा सेल दहा वर्षं पुरतो. प्रत्यक्षात इतका टिकत नाही. शिवाय थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि रेडिओ सुरू होताच व्होल्टेज एकदम खाली बसतं. त्यासाठी शेजारी थोडी वीज साठवून ठेवणारा एक कपॅसिटर लावतात. पण महिना-दीड महिन्याच्या प्रवासाला सेल हवा तेवढा पुरतो.

खरी अडचण रेडिओची. द्राक्षात सुमारे ८० टक्के पाणी, आणि ब्लूटूथ-वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी पाणी चांगल्याच शोषतं. जर्मनीतल्या ब्रेमेन विद्यापीठाने ‘इंटेलिजंट कंटेनर’ प्रकल्पात कोस्टा रिकाहून युरोपला जाणाऱ्या केळ्यांच्या कंटेनरमध्ये असे सेन्सर पेरून पाहिले, तेव्हा त्यांनाही हाच त्रास झाला: मोकळ्या कंटेनरमध्ये सहज पोचणारा सिग्नल भरलेल्या मालात थोड्याच अंतरात विरतो. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. त्याची लहर सुमारे ३५ सेंटिमीटरची, २.४ गिगाहर्ट्झच्या जवळजवळ तिप्पट, आणि ती ओल्या मालातून जास्त दूर जाते. पण युरोपात आणि वाटेतल्या बंदरांत रेडिओचे नियम वेगळे असू शकतात, हेही बघावं लागतं.

दुसरा मार्ग म्हणजे एका सेन्सरने शेजाऱ्याचा निरोप पुढे द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण ऐकण्यातच तर खर्च आहे! रेडिओ ऐकतानाही जवळपास पाठवताना लागते तेवढीच वीज घेतो. सतत कान उघडे ठेवले तर तोच सेल २२ तासांत संपेल. म्हणून सगळ्यांनी ठरल्या वेळी एकदम उठायचं, बोलायचं आणि पुन्हा झोपायचं. त्यासाठी प्रत्येकाचं घड्याळ जुळायला हवं. या घड्याळातला ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक २५ अंशांसाठी जुळवलेला असतो. शून्य अंशाला तो दशलक्षात सुमारे २१ भागांनी मंदावतो, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. सगळे सारखेच थंड असते तर सगळे सारखेच मागे पडले असते. पण कोणी शून्यावर आणि कोणी चारवर, म्हणून वेळ अधूनमधून पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

हे सगळं ज्याच्याकडे जमतं तो गेटवे म्हणजे मोठी बॅटरी आणि सिम असलेला डबा. कंटेनरला धातूचं अस्तर, त्यामुळे त्याचा अँटेना दाराच्या रबरी पट्टीलगत बसवणं बरं. भर समुद्रात मोबाइलचं नेटवर्क नसतंच, तेव्हा गेटवे वेळेसकट नोंदी साठवतो आणि बंदर जवळ आलं की एकदम पाठवून देतो.

सेन्सर मालाबरोबर गेले की परत येतील याची खात्री नसते. ते गोळा करून परत मागवण्याचा खर्चच किमतीच्या वर जाऊ शकतो, म्हणून ते टाकून देण्याइतके स्वस्त असावे लागतात. मग शेकडो बटणसेलांचा कचरा परदेशात जाऊन पडतो, ही गोष्ट मला तरी खटकते.

शिवाय नोंदी कोणाच्या हातात राहतात हा प्रश्न उरतोच. माल खराब निघाला की नुकसानभरपाईचा क्लेम लागतो, आणि कापलेले पैसे शेवटी बागायतदाराच्या हिशोबात येऊन बसतात. सेन्सरच्या आलेखात पेटी कोणत्या दिवशी तापली ते दिसतं: बंदरात प्लग काढलेला असताना, बोटीवर, की त्याच्याही आधी. यातला शेवटचा पर्याय पॅकहाऊसला अडचणीचा आहे. रीफर माल थंड ठेवण्यासाठी असतो, थंड करण्यासाठी नाही. घाईत अर्धवट प्रीकूल करून सहा अंशांवर भरलेल्या पेट्या खाली यायला कित्येक दिवस घेतात, आणि तो उतार आलेखाच्या अगदी सुरुवातीलाच, बोट सुटण्याआधीपासून दिसू लागतो.