मानेच्या मणक्याचे फ्रॅक्चर : निदान आणि उपचारांची पार्श्वभूमी

ठाण्यात 2012 च्या दहीहंडीत जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर रचून 43.79 फुटांचा जागतिक विक्रम केला. अशा उंचीवरून थर कोसळले की खाली पडलेल्या गोविंदाला काखेत हात घालून उभे केले जाते आणि घोडबंदर रस्त्यावर घसरलेल्या दुचाकीस्वारालाही लोक तसेच उचलून रिक्षात बसवतात. हेतू निखळ मदतीचा असतो. मात्र मानेचा मणका मोडलेला असेल, तर त्या एका हिसक्याने मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते.

इसवी सनापूर्वी सुमारे 1600 मधील एडविन स्मिथ पपायरस या प्राचीन इजिप्तमधील वैद्यकीय लेखात मानेचा मणका निखळलेल्या रुग्णाचे वर्णन आहे. त्याला हातापायांची जाणीव उरलेली नाही, लघवी थेंबथेंब गळते आहे, एवढे नेमके निरीक्षण करून लिहिणाऱ्याने हा आजार उपचार करण्याजोगा नाही, असा निर्णय दिला आहे.

1895 मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतर मोडलेले हाड दिसू लागले आणि 1920 मध्ये जेफरसन यांनी पहिल्या मणक्याच्या फ्रॅक्चरचे सविस्तर वर्णन केले. तरीही साध्या एक्स-रेमध्ये सातवा मणका खांद्यांआड लपतो आणि दुसऱ्या मणक्याचा दातासारखा उंचवटा नीट दिसावा म्हणून रुग्णाला तोंड उघडायला सांगून फोटो घ्यावा लागतो. ही उणीव पुढे सीटी स्कॅनने बरीचशी भरून काढली.

उपचारांचा गाभा मान स्थिर ठेवणे हाच राहिला. 1933 मध्ये क्रचफील्ड यांनी कवटीला चिमटे लावून वजनाने मान ताणण्याची पद्धत मांडली. 1959 मध्ये पेरी आणि निकेल यांनी कवटीत स्क्रूने बसवायच्या हॅलो कड्याची माहिती प्रसिद्ध केली. ते मुळात पोलिओने मानेचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांसाठी होते, हे आवर्जून सांगायला हवे. दुसऱ्या मणक्याच्या दातासारख्या उंचवट्याचे फ्रॅक्चर बुडाशी असेल तर ते जुळायला अवघड जाते, हे 1974 च्या अँडरसन-डी’अलोन्झो वर्गीकरणाने स्पष्ट केले आणि शस्त्रक्रियेचा निर्णय पुष्कळदा त्यावरूनच होऊ लागला.

एक्स-रे कोणाचा काढावा, याचे निकष 2000 मध्ये 34,069 रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासाने पक्के केले. मानेच्या मध्यरेषेवर दाबल्यास दुखणे, नशा, शुद्धीतील फरक आणि हातापायांतील कमजोरी किंवा बधिरपणा यांबरोबर पाचवा निकष इतरत्र झालेल्या वेदनादायक इजेचा आहे, कारण मांडीचे हाड मोडलेला माणूस मानेच्या दुखण्याची तक्रार करेलच असे नाही.