एकाच गिऱ्हाइकाचं वजन

सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या काकांचे आठ माग होते. टेरी टॉवेल विणायचे आणि सगळा माल एकाच निर्यातदाराला द्यायचे. विक्रीची दगदग नाही, म्हणून घरात सगळे खूश असत. मग एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्या निर्यातदाराने दर पाडला. सुताचे पैसे द्यायचे होते, कामगारांचा बोनस द्यायचा होता. काका गप्प बसले. त्यांचा शंभर टक्के माल त्याच्या गोदामात जात होता आणि त्या गोदामातल्या शंभर गठ्ठ्यांत काकांचा जेमतेम एक.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९४५ साली हेच गणित देशांसाठी मांडलं. १९३०च्या दशकात जर्मनी बल्गेरियासारख्या लहान देशांचा माल भरभरून घेऊ लागला होता. बल्गेरियाच्या निर्यातीत जर्मनीचा वाटा प्रचंड, जर्मनीच्या आयातीत बल्गेरियाचा अगदी किरकोळ. उद्या व्यवहार थांबला तर एकाची चूल विझते, दुसऱ्याला झळही लागत नाही. दोघांत व्यापार किती आहे, यापेक्षा तो कोणाला किती जड आहे, हे बघायला हवं. त्यासाठी एक सोपं माप आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वाट्याचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची. एकच गिऱ्हाईक असेल तर उत्तर १, सारख्या वाट्याची पाच असतील तर ०.२. काकांचा आकडा १ होता.

मग लहान देश एका बाजूला इतके झुकतात कसे? इथे भौतिकशास्त्र मदतीला येतं. यान टिनबर्गेन मुळात भौतिकशास्त्र शिकलेले, पुढे १९६९चं अर्थशास्त्रातलं पहिलं नोबेल मिळवणाऱ्या दोघांपैकी एक. त्यांनी १९६२ साली दाखवलं, की दोन देशांमधला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकाराबरोबर वाढतो आणि अंतराबरोबर घटतो. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रात अंतराचा वर्ग येतो. व्यापारात ओढ इतक्या वेगाने कमी होत नाही. अंतर दुप्पट झालं की व्यापार साधारण निम्मा, असं पुढच्या शेकडो अभ्यासांतून दिसलं. म्हणजे आठपट मोठी बाजारपेठ चौपट अंतरावर असली, तरी तिची ओढ शेजाऱ्याच्या दुप्पट भरते.

पण हे अंतर नुसतं किलोमीटरचं नसतं. आर्मेनियाकडे बघा. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याहूनही कमी. समुद्र नाही. चार शेजारी, त्यातल्या तुर्कस्तान आणि अझरबैजान यांच्या सीमा १९९०च्या दशकापासून बंद. उरले जॉर्जिया आणि इराण. रशियाकडे जाणारे ट्रक जॉर्जियातून लार्सच्या डोंगरी खिंडीतून जातात आणि बर्फ पडलं, दरड कोसळली की रांगा लावून उभे राहतात. गॅस रशियाचा, ग्युम्रीत लष्करी तळही रशियाचाच.

या देशाने युरोपीय संघाशी व्यापार कराराच्या वाटाघाटी जवळपास पुऱ्या केल्या होत्या. ३ सप्टेंबर २०१३ला राष्ट्राध्यक्ष सर्ज सार्गस्यान यांनी मॉस्कोत जाहीर केलं, की आर्मेनिया रशियाच्या सीमाशुल्क संघात जाणार. दोन्ही का नको? याचं उत्तर आपल्या जुन्या जकात नाक्यावर सापडतं.

समजा, सोलापूर आणि विजापूर यांनी ठरवलं, की एकमेकांच्या मालाला जकात नाही. बाहेरच्यांना मात्र ज्याने त्याने आपापला दर लावावा. हा मुक्त व्यापार करार. तो पुण्याशीही करता येईल, हैदराबादशीही. फक्त माल खरोखर कुठला, याची कागदपत्रं तपासावी लागतील. पण दोघांनी बाहेरच्यांसाठी दरही एकच ठरवला, तर तो सीमाशुल्क संघ. आता सोलापूरला एकट्याने पुण्याला सूट देता येत नाही. दिली, तर पुण्याचा माल सोलापूरमार्गे फुकटात विजापुरात पोचेल. म्हणून अशा संघात गेलेल्या देशाच्या हातात स्वतःच्या नाक्याची किल्ली राहत नाही.

आर्मेनियाचं आयातशुल्क आधी कमी होतं. २ जानेवारी २०१५ला तो युरेशियन आर्थिक संघात, म्हणजे रशियाच्या त्याच सीमाशुल्क संघाच्या पुढच्या रूपात, दाखल झाला आणि त्याला शुल्क चढवावं लागलं. शेकडो वस्तूंसाठी काही वर्षांची सवलत मागून घ्यावी लागली. त्याच सुमारास युक्रेनमध्ये याच निवडीवरून लोक रस्त्यावर उतरले. तिथलं पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

मोल्डोव्हाची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. त्याची बहुतांश वाइन रशियात विकली जाई. रशियाने २००६मध्ये आणि पुन्हा २०१३मध्ये ती घेणं बंद केलं. द्राक्षं काढून ठेवलेल्या शेतकऱ्याची तेव्हाची अवस्था सांगोला-पंढरपूरच्या डाळिंबवाल्याला समजावून सांगावी लागणार नाही. पण तो देश नवी गिऱ्हाइकं शोधत राहिला, २०१४मध्ये युरोपीय संघाशी करार केला आणि आता त्याची निम्म्याहून अधिक निर्यात तिकडे जाते. वाट खर्चाची होती, आणि त्याला युरोपीय संघातल्याच शेजारी रोमेनियाची खुली सीमा लाभली.

आर्मेनियाला तशी सीमा नाही. २०२३च्या सप्टेंबरात अझरबैजानने नागोर्नो-काराबाख हा आर्मेनियन वस्तीचा प्रदेश ताब्यात घेतला आणि रशियाचं शांतिसैन्य तिथे असूनही एक लाखाहून अधिक आर्मेनियन विस्थापित झाले. रशियाच्या भरवशावर राहण्याची किंमत तिथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली. २०२५मध्ये संसदेने युरोपीय संघाच्या सदस्यत्वाच्या दिशेने जाण्याचा कायदा संमत केला. तरी देश अजून युरेशियन संघातच आहे, आणि त्याच्या मालाचे ट्रक लार्सच्या खिंडीतूनच उत्तरेला जातात.