पार्श्वभूमी: बेल्ट गेला, चेन आली, कटकट राहिली

एका ओळीत चार सिलिंडर, १-३-४-२ असा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम), क्षमता बहुधा १.२ ते २ लिटर. पेट्रोल गाडीच्या इंजिनाचा हा साचा कित्येक दशकं फारसा हललेला नाही. कडेच्या व्हॉल्व्हची, बेताच्या कॉम्प्रेशनची जुनी इंजिनं इथे बाजूला ठेवू. चेन, बेल्ट आणि ऑइलबद्दलच्या आजच्या तक्रारींची मुळं १९६० नंतरच्या निर्णयांत सापडतात.

कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, सिलिंडरच्या वरच्या झाकणावर, हेडवर गेला तसं क्रँकपासूनचं (पिस्टन फिरवतात त्या खालच्या दांड्यापासूनचं) अंतर वाढलं. क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी चेन लांब झाली, आवाज करू लागली. १९६२च्या सुमारास एका छोट्या जर्मन कारखान्याने तिच्या जागी दातेरी रबरी बेल्ट बसवला. शांत, स्वस्त, तेलाची गरज नाही. बघता बघता सगळ्यांनी तो उचलला. त्याच काळात ॲल्युमिनियमची हेडही सर्रास झाली. खाली कास्ट आयर्नचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियम, दोघांचं प्रसरण वेगळं. इंजिन एकदा तापलं की हेड वाकायचं आणि दोघांमधलं गॅस्केट जायचं, त्याची सुरुवात इथली.

बेल्टचं दुखणं असं की तो न सांगता तुटतो. कॉम्प्रेशन वाढलं, सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह आले, पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली मोकळी जागा संपली. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकले, हेड उघडलंच. म्हणून साठ हजार ते एक लाख किलोमीटरला तो बदलायचा, गाडी ठणठणीत असली तरी. हा खर्च मालकांना टोचायचा.

२००० नंतर बऱ्याच कंपन्या चेनकडे परतल्या आणि ‘देखभालीची गरज नाही’ असं सांगू लागल्या. वाद आहे तो इथे. कंपन्यांचं म्हणणं, लोक बेल्ट वेळेवर बदलत नाहीत, त्यापेक्षा चेन बरी. मेकॅनिकांचं म्हणणं, परत आली ती जुनी चेन नव्हेच. अनेक जुन्या इंजिनांत ती दुपदरी आणि दणकट असायची. नवी बहुधा एकपदरी, घर्षण कमी व्हावं म्हणून अरुंद. त्यात ऑइल बदलण्याची मुदत काही बाजारांत तीस हजार किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत ताणली गेली. १९९६ पासून हळूहळू पसरलेल्या डायरेक्ट इंजेक्शनमुळे (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडण्याच्या पद्धतीमुळे) ऑइलमध्ये काजळीही जास्त उतरू लागली.

काजळी चेनचे दुवे जोडणाऱ्या पिनांना घासते. एका दुव्यात ०.०१ मिलिमीटर झीज म्हटली तर नगण्य. पण दीडशे दुव्यांत ती दीड मिलिमीटर होते, चेन तेवढी लांबते. चेन ताणून धरणारा टेन्शनर काही काळ सांभाळून घेतो. मग थंड इंजिन चालू करताना, ऑइल प्रेशर यायच्या आधी, दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. पुढे क्रँक आणि कॅमच्या सेन्सरांचा मेळ बसत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो. तेव्हा पुढचं कव्हर आणि बऱ्याचदा खालचा ऑइलचा चेंबरही काढावा लागतो. काही इंजिनांत तर चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिथली मजुरी बेल्टच्या कितीतरी पट.

मला चेनपेक्षा ऑइलची ती लांब मुदत जास्त दोषी वाटते. २०२० मध्ये आलेल्या इंजिन ऑइलच्या नव्या मानकात चेनच्या झिजेची स्वतंत्र चाचणी घालावी लागली, ती उगाच नाही.

बाकीच्या तक्रारीही इंधन वाचवण्याच्या याच काटकसरीतून आल्या. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि कार्बन धरतात. घर्षण कमी करायला पिस्टन रिंगांचा ताण घटवला, तर काही इंजिनं ऑइल खाऊ लागली. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ‘नॉर्मल’ म्हणणारी मॅन्युअलंही आहेत!

दरम्यान काही कंपन्यांनी, विशेषतः तीन सिलिंडरच्या छोट्या इंजिनांत, ऑइलमध्ये भिजत फिरणारा बेल्ट आणून पाहिला. चुकीच्या ऑइलने किंवा ऑइलमध्ये उतरलेल्या पेट्रोलने त्याचं रबर सुटतं, कण ऑइल ओढणाऱ्या जाळीत (स्ट्रेनरमध्ये) अडकतात आणि ऑइल प्रेशर पडतं. त्यातले काही आता पुन्हा चेनवर आले आहेत.